बांधापलीकडचे कंद

रानडुकरांनी परसातली सूर्यफुलं मुळासकट उकरून खाल्ली होती. अंजिराबाई माती चाचपत एखादा कंद उरलाय का ते बघत होत्या. जमिनीत कंद धरणारं हे रानटी सूर्यफूल प्रयोगशाळेत त्यांच्या रक्ताला जुळवून घेतलेलं होतं. ते दरवर्षी आपोआप फुटायचं, आणि त्याचा एक कंद खाल्ला की दिवसभराचं इन्सुलिन पोटात जायचं. इंजेक्शनं केव्हाच बंद झाली होती. नवं रोप मागवून वाढवायचं म्हणजे वर्ष गेलं असतं.

तेवढ्यात धाकटी जाऊ सुभद्रा पाटी घेऊन बांध ओलांडून आली. जमिनीच्या वाटणीपासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"अक्का, हे घ्या." पाटीत मातीने माखलेले कंद होते.

"दुसऱ्याच्या झाडाचे मला चालत नाहीत गं."

"तुमच्याच झाडाचे आहेत. बांधाखालून मुळं माझ्या रानात आलीत. दोन-तीन वर्षं फुलतायत तिकडं."

"मग उपटली नाहीस?"

"कशी उपटणार? तुमचा जीव त्यांच्यावरच तर तगून आहे."

अंजिराबाईंनी एक कंद धुऊन तिथंच खाल्ला. थोड्या वेळाने मनगटावरच्या पट्टीतला साखरेचा आकडा उतरू लागला. मग दोघींनी मिळून चार कंद परसात पुरले. सुभद्रा पाटी ओट्यावर रिकामी करू लागली, तशी अंजिराबाईंनी तिचा हात धरला.

"बाकीचे तुझ्याकडंच राहू देत. रोज सकाळी एक न्यायला मी येत जाईन."