मावशीची गाठ

पडद्यामागे, खिडकीच्या कट्ट्यावर ती पिशवी पडली होती. मालकाच्या खोलीतले पडदे काढायला इस्त्रीवाली स्टुलावर चढली, पहिलाच पडदा ओढला आणि धुळीत माखलेली ती पिशवी समोर आली. काळ्या अस्तराची, तळहाताएवढी, तोंड शिवलेली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली. टाके जसेच्या तसे होते. शेवटची गाठही होती, धागा उलटा फिरवून दोनदा अडकवलेली. अख्ख्या कारखान्यात तशी गाठ एकटी मावशी मारायची. मावशीची गाठ फक्त कात्रीचं ऐकते, असं सगळ्या म्हणायच्या.

म्हणजे पिशवी कुणी उघडलीच नव्हती. इस्त्रीवाली स्टुलावरून खाली उतरली. मग तिला हसू आलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

मावशी म्हणजे तिची सख्खी मावशी. आई गेल्यावर तिला वाढवणारी, बोट धरून या शिवणकारखान्यात आणणारी. जन्मभर तिनं शर्टांना काजं केली. पुढे हात थरथरायला लागले, काजं वाकडी व्हायला लागली. मालकाला तिला काढायचं होतं, पण वाईटपणा नको होता. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची त्याची जुनीच खोड. त्यानं सगळ्या बायकांना गोळा केलं आणि म्हणाला, मी कोण ठरवणार, तुम्हीच ठरवा. प्रत्येकीच्या हातात एक पांढरं बटण दिलं, एक काळं. मावशी राहावी असं वाटलं तर पांढरं पिशवीत टाकायचं, जावी असं वाटलं तर काळं. उरलेलं मुठीतूनच परत बटणांच्या ढिगात. आणि नंतर कुणी हात लावायला नको, म्हणून पिशवीचं तोंड मावशीनंच शिवून द्यायचं. तिनं दिलंही. स्वतःच्या नशिबाला स्वतःच टाके घातले बिचारीनं, आणि त्या दिवशी ते सरळ आले.

इस्त्रीवालीनं मात्र काहीच टाकलं नाही. दोन्ही बटणं तिनं मालकाच्या टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं, की हा पोरखेळ आहे, तुम्ही करायचं तेच करणार, मला यात ओढू नका. तोंडाची फटकळच होती ती. आपण इतरांपेक्षा शहाण्या आहोत असं तिला नेहमीच वाटायचं, त्या दिवशी जरा जास्तच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालक चेहरा पाडून बाहेर आला. काळं एक जास्त निघालं, म्हणाला. अजून एक पांढरं असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत मी मावशीला ठेवून घेतलं असतं. बोलता बोलता त्यानं इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं. पुढचं काम बायकांनी केलं.

एकेक करून त्या मावशीला भेटायला घरी आल्या. फळं आणली, डोळे पुसले. मी पांढरंच टाकलं हो, असं प्रत्येकीनं गळ्याला हात लावून सांगितलं. कॉलर शिवणारी तर सगळ्यांत पुढे. भाची आतल्या खोलीत आहे हे बघून तिनं मावशीचा हात हातात घेतला आणि आवाज चढवला.

"आम्ही परक्या, तरी आम्ही टाकलं. घरच्या माणसाला एक बटण जड झालं."

त्या दिवसापासून मावशी भाचीशी बोलेनाशी झाली. दोघी समोरासमोर जेवायला बसत, पण मीठ हवं असलं तरी मावशी स्वतः उठून घ्यायची. कारखान्यातही इस्त्रीवालीशी कुणी धड बोलत नव्हतं. त्याचं तिला काही नव्हतं, त्या गेल्या खड्ड्यात. मावशीनं एकदा नावानं हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती रात्रंदिवस आतून झुरत होती.

पडदे तसेच टाकून ती तडक घरी आली. मावशी खिडकीशी बसली होती. तिच्या मांडीवर पिशवी ठेवून ती म्हणाली, बघ, गाठ तुझीच आहे ना?

मावशीनं गाठीवरून अंगठा फिरवला. फिरवतच राहिली. तिला कळलं. तिनं हातानंच कात्री मागितली, टाके कापले आणि पिशवी मांडीवर रिकामी केली.

काळं. काळं. पुन्हा काळं. कॉलरवालीचं काळं, फळं आणणाऱ्यांची काळी, रडणाऱ्यांची काळी. मावशीनं पिशवी उलटी केली. शिवणीत एखादं अडकलं असेल म्हणून कोपरे बोटानं चाचपले. नव्हतं.

इस्त्रीवालीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झालाच. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. मालक लबाड निघाला की नाही? आणि या बाया, ज्यांची फळं तू गोड मानून खाल्लीस? मी पहिल्या दिवशी काय सांगत होते? ती मावशीच्या पायाशी बसली.

"आता तूच सांग मावशी, मी टाकलं असतं तरी काय फरक पडला असता?"

मावशीनं मांडीवरची बटणं वेचायला घेतली. हात फार थरथरत होते, एक-दोन खाली पडली, तीही तिनं वाकून उचलली. सगळी परत पिशवीत भरली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं भाचीच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिच्याशी बोलली.

"एक तरी पांढरं निघालं असतं."