परकी पावलं

दार उघडल्याचा आवाज आला तसं अंध वामनरावांनी दचकून विचारलं, "कोण आहे?"

"अहो, मीच. शालन."

आवाज बायकोचाच होता, पण पावलं परकी होती. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायचं म्हणून शालन वर्षभर पाय ओढत चालायची. आज डॉक्टरांनी ऑपरेशन टाळून तिच्या खुब्यावर एक पट्टी चिकटवली होती. तिने सांगितलं, ती पट्टी दुसऱ्या कुणाच्या तरी नोंदवून ठेवलेल्या निरोगी चालीने तिचे स्नायू चालवत होती.

"कुणाची चाल आहे ही?"

"ते सांगत नाहीत."

वामनरावांनी तिचा हात चाचपला. तरी विश्वास बसेना. "काढ ती पट्टी."

तिने काढली आणि दोनच पावलांत कण्हली. ओळखीची पावलं ऐकून वामनरावांना बरं वाटलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

"लाव परत," ते म्हणाले. "पण घरात बोलत बोलत चाल."