आण इकडं

ठकूनं बॉल पोटाशी धरला, तोवर गेनू दोन्ही हात पसरून समोर हजर.

"आण इकडं."

तिनं दिला. गेनूनं बॉल धसकटांत नीट बसवला, मागं सरकला आणि हाणला. बॉल सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि कॉलनीच्या उंच पोराच्या छातीवर जाऊन आदळला. पायात बूट असलेला तेवढा एकच. सकाळपासून हेच चाललं होतं. गेनूनं बॉल धाडायचा आणि रुसून माहेरी येणाऱ्या लेकीगत तो लगेच माघारी यायचा.

ज्वारी काढून मोकळं झालेलं मोशीचं रान. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्याजवळ नवी कॉलनी झाली होती, तिथली पोरं सायकलींवर डबलसीट बसून खेळायला आली होती. बॉल त्यांचा, शिट्टी त्यांची, आणि आतापर्यंत झालेला एकुलता गोलही त्यांचाच. मोशीचा गोल म्हणजे एका बाजूला बाभळ, दुसऱ्या बाजूला सदऱ्यांचा ढीग, आणि मधे परकर खोचून ठकू. गोलात उभं राहायला पोरं तयार नसत, म्हणून ठकू. आणि ठकूचा चुलतभाऊ गेनू यानं देहूरोडला लष्करी शिपायांचा खेळ कुंपणाबाहेरून बघितला होता, म्हणून तो कॅप्टन.

"गेनूदादा," ठकू म्हणाली, "चिमा मोकळा हाय बघ."

"तू धर. धाडायचं मी बघतो."

चिमा खरंच मोकळा होता. विहिरीच्या बाजूला एकटाच, हात वर करून. तो बारका, म्हणून कॉलनीच्या पोरांनी त्याच्यावर माणूस ठेवला नव्हता, आणि बारका म्हणूनच मोशीच्या पोरांनी त्याला बॉल दिला नव्हता. हात वर धरून त्याच्या खांद्याला रग लागली असेल. पण हे दिसायचं ते ठकूला. गोलात उभं राहिलं की सगळं रान दिसतं. बाकीच्यांना दिसतो तो बॉल.

पुढचा बॉल तिनं बाभळीच्या बुडाशी लोळण घेऊन अडवला. कोपर सोलपटलं. उठते तो गेनूचे हात पुढं.

"आण इकडं."

बूटवाला कमरेवर हात ठेवून हसत होता. "काय रे, तुमच्या गोलकीपरला पाय नाहीत का?"

"हायेत की," गेनू म्हणाला. "पन आमच्यात पोरी लाथा मारत न्हाईत."

"मग एखादी म्हैस घ्या टीममध्ये. ती मारते."

पोरं खिदळली. मोशीचीही खिदळली, हे ठकूनं बघून ठेवलं. कान तापले होते तिचे. तिनं कोपरावर थुंकी लावली आणि बाभळीला टेकून उभी राहिली.

उन्हं कलायला लागली तेव्हा मोशीला कॉर्नर मिळाला. गेनू सगळ्यांना घेऊन पुढं गेला. कॉर्नर वाया गेला, बॉल सुटला तो नेमका बूटवाल्याकडं. तो मोकळ्या रानातून थेट ठकूवर धावून आला. मधे कुणी नाही. ठकू बाभळ सोडून पुढं झाली, त्यानं पाय उचलला त्याच घडीला तिनं त्याच्या पायांतच उडी घेतली. धुरळा उडाला. धुरळा बसला तेव्हा बूटवाला पालथा होता आणि बॉल ठकूच्या काखेत.

रानाच्या पार त्या टोकावरून गेनू ओरडला, "थांब! धरून ठेव! मी आलो!"

ठकू उभी राहिली. गेनू लांब होता. चिमा विहिरीजवळ होता. हात वर.

लाथ मारायची नाही, असं ठरलं होतं. हाताचं कुणी काही बोललं नव्हतं.

याच रानात दिवाळीपासून ज्वारी निघेस्तोवर ती राखणीच्या माळ्यावर उभी राहून पाखरांवर गोफण फिरवत होती. तिनं बॉल पंजावर घेतला, हात मागं नेला आणि खांद्यावरून फिरवून सोडला.

बॉल चिमाच्या पुढ्यात पडला. चिमानं आधी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला असेल म्हणून. मग धूम ठोकली. कॉलनीची पोरं बूटवाल्याच्या मागं धावत आली होती, अडवायला कुणी नव्हतंच. त्यानं बॉल मधे ढकलला, आणि ठकूकडं धावत निघालेला गेनू गर्रकन वळला. बॉल त्याच्या पायात आपसूक आला. त्यानं तो गोलात घातला.

पोरांनी गेनूला खांद्यावर घेतलं. चिमा बाजूनं उड्या मारत होता. ठकूपाशी कुणी आलं नाही. तिनं परकराची धूळ झटकली, कासोटा पुन्हा घट्ट केला.

बरोबरी झाली. आता पुढचा गोल होईल तो शेवटचा, असं ठरलं. खेळ सुरू झाला तसा बूटवाल्यानं लांबूनच एक सणसणीत फटका हाणला. ठकूनं तो छातीवर घेतला. हात सुटू दिले नाहीत.

गेनू पळत आला. दोन्ही हात पसरलेले.

"आण इकडं."

ठकूनं बॉल दिला नाही. गेनूच्या खांद्यावरून ती रान बघत होती. चिमावर आता दोन पोरं उभी होती.

"ठके, आण म्हनतो ना."

"पुढं पळ," ठकू म्हणाली.

गेनूचे हात तसेच राहिले. त्यानं तिच्याकडं बघितलं, मागं वळून रानाकडं बघितलं. पसरलेले हात खाली आले. मग तो वळला आणि पळायला लागला. बाभळीपासून लांब गेल्यावर, पळता पळताच, त्यानं हात वर केला.