शून्य हानीचे धोरण

"नदीचं पाणी पिऊन नातू निळा पडून गेला, ही तक्रार मीच नोंदवली," सगुणाबाई म्हणाल्या. "मग गावातून आम्हालाच का उठवता, साहेब?"

धोरण अधिकारी निरगुडकरांनी नदीचे संगणकीय प्रतिरूप पडद्यावर उघडले. नद्यांविषयीचे निर्णय आता तेच घेत असे. पाण्यात उतरलेल्या खतामुळे होणारी मानवी हानी शून्यावर आणणे, एवढेच त्याचे उद्दिष्ट होते. वरच्या अंगाच्या उसाचे खत कमी करण्याचा पर्याय शासनाने, अर्थातच लोकहितार्थ, आधीच बंद केला होता. उरलेल्यांतला सर्वांत स्वस्त पर्याय प्रतिरूपाने निवडला: जिथून तक्रारी येतात, तिथे पाणी पिणारी माणसेच नसावीत.

"म्हणजे खत ओतणारे राहणार आणि पिणारे जाणार?"

"आजी, तुम्ही हललात की नदी निर्दोष ठरेल."

"खाली बोरवंडात माझी लेक नांदते. तीही हेच पाणी पिते की!"

"बोरवंडातून एकही तक्रार नाही," निरगुडकर समाधानाने म्हणाले. "त्यांना कोणी हात लावणार नाही."

सगुणाबाई कचेरीच्या अंगणात आल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"वच्छे, पोराचे ओठ निळे दिसले तरी कुठं बोलू नकोस, बाई. निदान घर तरी राहील."