हात पोहोचेल तिथवर

बागेतल्या त्या झाडाला पाटी माळ्यानेच हौसेने लावली होती: ‘याच्या सालीपासून कर्करोगावरचं औषध बनतं.’ महिन्याभरात माणसाचा हात पोहोचेल तिथवर खोड सोलून निघालं. त्याने पाटी काढली, कुंपण घातलं, तरी लोक ऐकेनात. कालच एका म्हाताऱ्याला त्याने चाकूसकट पकडलं. “अहो बाबा, कारखान्यात गाडीभर सालीतून चिमूटभर औषध निघतं. नुसती उकळून पाजलीत तर विष होईल.” “सून जेमतेम तिशीचीय,” म्हातारा पुटपुटला आणि रिकाम्या हाताने गेला. आज डॉक्टरांनी माळ्याच्या बायकोची फाईल मिटून सांगितलं, “आता घरी न्या.” तिला निजवून माळी तडक बागेत आला. कमरेला कोयता खोचून त्याने झाडाला शिडी लावली. चौथ्या पायरीवर शिडी डगमगली आणि एकदम स्थिर झाली. खाली कालचा म्हातारा ती घट्ट धरून उभा होता. म्हणाला, “दोघांपुरती काढा.”