ये म्हटल्याशिवाय

"घरात घेऊ नका तिला! घेऊ नका!" पोरगी टीव्हीकडे बघून ओरडली आणि तिने गोधडी तोंडावर ओढून घेतली.

पडद्यावर बर्फात गाडलेलं एक गाव होतं. कुठल्या तरी लांबच्या मुलुखातलं, महिनाभर सूर्य न उगवणारं. एका घराच्या दारात पांढऱ्या केसांची म्हातारी उभी होती. तिच्या ओठांच्या कडेला रक्त होतं. माणसांचं रक्त पिणारं पिशाच झालं होतं तिचं. पण घर तिचंच होतं आणि आत विस्तवापाशी बसलेली माणसंही तिचीच होती. नियम असा, की घरातल्या कुणी 'ये' म्हटल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. अजिनाथच्या बारावीतल्या लेकीने हे सगळं आईबापाला आधीच समजावून सांगितलं होतं.

पाथर्डीकडच्या त्या वस्तीवरही पौषातली थंडी काही कमी नव्हती. दिवस मावळून तासभर झाला होता. तरी दाराची एक फळी उघडी होती, कारण अजिनाथची आई राहीबाई उंबऱ्याबाहेर, ओट्यावर पोतं अंथरून पिक्चर बघत बसली होती.

"वारं लई येतंय आत," अजिनाथची बायको सुरेखा म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिने सांगितलं नाही.

अजिनाथने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. या कलेत तो अलीकडे चांगलाच तरबेज झाला होता.

उन्हाळ्यात राहीबाईला खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टरांनी टीबी सांगितला, गोळ्या सुरू केल्या आणि थोडे दिवस म्हातारीला वेगळं झोपवा म्हणाले. शेळ्यांच्या गोठ्याला लागून पत्र्याचं शेड होतं. अजिनाथने स्वतःच्या हाताने तिथं बाज टाकली, तिचं ताट-तांब्या वेगळं केलं. "म्हैनाभराचा तर प्रश्न हाय, आये," तो म्हणाला. ती हसली. "लेकराबाळांचं घर हाय बाबा. ऱ्हाते की."

दिवाळीत गोळ्या संपल्या. तपासणीचा कागद चोख आला. गावच्या आशाताईंनी ओट्यावर उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "आता कायबी भीती न्हाई. आजीला घरात घ्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दिवाळीचे पाहुणे आले, म्हटलं त्यांच्यासमोर नको. मग आत बाजेच्या जागी पोरीचं अभ्यासाचं टेबल आलं होतं, ते हलवायचं कुठं? मग सुरेखा म्हणाली, थंडी तेवढी सरू द्या. म्हातारीला बाहेर राहा असं कुणी म्हटलं नाही. आत ये, असंही कुणी म्हटलं नाही. आणि राहीबाई पडली मानी. बोलावणं आल्याशिवाय ती सख्ख्या भावाच्या घरीही कधी गेली नव्हती. रोज ताट ओट्यावर येई, ती तिथंच जेवे, ताट घासून पालथं घाली आणि शेडकडे जाई.

अजिनाथ आंधळा नव्हता. डेअरीवर दूध घालायला जाताना त्याला ती दिसे, येताना दिसे. जेवताना घास घशाशी अडके. उद्या बोलू, असं म्हणून तो वर पाणी पिई.

पडद्यावरची म्हातारी आता थरथरत होती. दाराला हातही न लावता नुसती आत बघत होती. तिच्या ओठांवरचं रक्त पाहून अजिनाथला उन्हाळ्यातला आईचा पदर आठवला आणि त्याला शिसारी आली. आईची नव्हे, स्वतःची.

"बोलवाल तर मराल!" पोरगी पुन्हा किंचाळली. सुरेखाने तिचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात ओट्यावरून राहीबाईचा आवाज आला. ती पडद्यातल्या माणसांनाच विनवत होती.

"आरं, म्हना की तिला ये. येवढ्या थंडीत किती येळ उभी ऱ्हाईल ती? घर तिचंच हाय न्हवं?"

पोरीने गोधडी तोंडावरून खाली केली. सुरेखा फरशीकडे बघत राहिली.

अजिनाथ उठला. चार पावलांत तो दारापाशी आला. त्याने दाराची दुसरी फळी उघडली. आईच्या तोंडाकडे बघायची काही त्याला हिंमत झाली नाही. दिवाळीपासून घशात अडकलेला शब्द त्याने मान खाली घालूनच बाहेर काढला.

"ये. आत ये."

राहीबाईने लगबगीने पोतं गोळा केलं, वाट मोकळी करून दिली आणि कोण आलंय ते बघायला अंगणाकडे वळली.