रोटीवर हात

डॉक्टर मारझाननं कागदावर एक पिशवी काढली, वर तिची लांब मान काढली, आणि मान पिशवीला मिळते तिथं लाल ठिपका दिला.

"अन्ननलिका जठराला मिळते त्या सांध्यावर गाठ आहे," ती म्हणाली. "लहान आहे. वेळेत सापडली."

ओरिनबेक चित्रावर वाकला. शेजारी त्याची बायको काम्शात डोक्याच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. घाबरायचं तिनं, आणि घाम फुटत होता याला.

जायिक नदीच्या काठी हे दुखणं घरोघरचं. म्हणूनच शहरातल्या लेकीनं दोघांनाही नळी घालून तपासणी करायला लावली. ओरिनबेक कसला तयार होतोय! "तुम्ही नळी घातलीत तरच मी घालीन," म्हणून काम्शात अडून बसली, तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं. निकाल आणायला मायलेकी गेल्या. परत आल्यावर काम्शातनं आधी चहा ओतला, मग सांगितलं, तुमचं सगळं ठीक आहे, माझ्यात निघालं. दातांपायी त्याचं जेवण आधीच कमी झालेलं. त्या दिवसापासून तर घशाखाली घास उतरेना. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला. शेजारी म्हणायचे, बायकोवर जीव असावा तर असा.

त्यात आज चष्मा घरी राहिला. सामान काम्शातनंच भरलं होतं, आणि ती कधी काही विसरल्याचं त्याला आठवत नव्हतं. खिडकीवरच्या बाईनं पेशंटचं नाव विचारलं, तर हिनं तोंड न उघडता नुसतं कार्ड पुढं सरकवलं. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणं नवऱ्याचं नाव तिनं लग्नापासून कधी घेतलं नव्हतं. आता स्वतःचंही विसरली की काय, असं ओरिनबेकला वाटलं.

चित्र मात्र चष्म्याशिवायही कळत होतं. उंटिणीच्या आंबवलेल्या दुधासाठी कातडी पखाली शिवण्यात त्याचा जन्म गेला होता.

रस्ते दोन आहेत, डॉक्टर सांगत होती. पहिल्यात पोट आणि छाती दोन्ही उघडायची. खराब मान पिशवीच्या वरच्या भागासकट कापायची, उरलेली पिशवी शिवून अरुंद करायची आणि छातीत वर ओढून तिचीच मान करायची. जठर थोडं तरी राहतं. पण फुप्फुसांना ते सोसावं लागतं, आणि पुढं जन्मभर उशी उंच करून झोपायचं. दुसऱ्यात फक्त पोटातून जायचं. अख्खी पिशवी काढायची, मानेचा तुकडा काढायचा आणि आतडं वर आणून जोडायचं. छातीला धक्का नाही. पण मग दिवसातून सहादा चिमणीएवढं खायचं, आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं कायमची.

"बरं कुठलं?" ओरिनबेकनं विचारलं. 

"गाठीची जागा अशी आहे की दोन्ही चालतात. छातीत दम किती, त्यावर ठरेल."

मग तिनं त्यालाच विचारलं, न थांबता किती मजले चढता? पेशंटला उठवणं-बसवणं याच्याकडून होईल का, हे बघत असणार. एकच मजला जमत होता; लाजेकाजेस्तव त्यानं दोन सांगितले, आणि सांगतानाच खोकला. डॉक्टरनं लिहून घेतलं.

"छातीला हात लावू नका, बाई," तो म्हणाला. "आम्ही दोघांनी जन्मभर कातड्याला धुरी दिलीय. आणि पखालीची मान कुजली की तेच कातडं ताणून मान करू नये. टाका उसवतो."

जठर म्हणजे कातडं नव्हे बाबा, पहिल्या रस्त्यानंही माणसं छान जगतात, असं ती हसून म्हणाली. पण धूर खाल्लेल्या छातीला तीही दुसराच रस्ता निवडणार होती. फक्त पेशंटनं सगळं कळून सही केल्याशिवाय आपण सुरी उचलत नाही, हे तिनं बजावलं आणि काम्शातकडे बघितलं.

खाली चहाच्या टेबलाशी काम्शात म्हणाली, "मी नाही कापून घेणार. कुसाइनभावजींसारखी निघून जाईन."

ओरिनबेकनं कप खाली ठेवला. त्याचा थोरला भाऊ कुसाइन दुखण्याचं नाव ऐकताच घोड्यावर खोगीर टाकून वाळूत मेंढरांकडे निघून गेला होता. पहिल्या बर्फात त्याला गाडीवर घालून आणलं. आणि मातीला जमलेल्या लोकांपुढं ओरिनबेकनंच छाती ठोकून सांगितलं होतं, मर्दानं असंच जावं, माझ्यावर वेळ आली तर मीही असाच जाईन.

"मूर्ख होतो मी," तो आता म्हणाला. "तो भ्याला होता गं. भिऊन पळाला, आणि मी त्याला मर्द म्हटलं."

"माझ्या जागी तुम्ही असता तर?"

"निमूट टेबलावर झोपलो असतो."

"रोटीवर हात ठेवून सांगा."

रोटीवर हात ठेवून त्यांच्यात कुणी खोटं बोलत नाही. ओरिनबेकनं पुढ्यातल्या रोटीवर तळवा ठेवला आणि सांगितलं, तुझ्या जागी मी असतो तर दुसरा रस्ता धरला असता आणि तोंडातून ब्र काढला नसता. बोलताबोलता त्याला रडू फुटलं. काम्शातनं रोटी मोडली, चहात बुडवून त्याच्या हातात दिली. तो घास त्यानं कितीतरी वेळ तोंडात घोळवला. रडताना गिळवत नाही माणसाला. तिनं मात्र आपला वाटा संपवला. बाईच्या जातीला धीर फार, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स कागद घेऊन आली. पेशंटनं इथं सही करायची, म्हणाली. दारात डॉक्टर मारझान येऊन उभी राहिली.

ओरिनबेकनं कागद बायकोपुढं सरकवला. तिनं तो घेतला नाही. पिशवीच्या तळातून तिनं त्याचा चष्मा काढला, रुमालाच्या टोकानं पुसला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या नाकावर ठेवला. कागदावरच्या पेशंटच्या नावावर तिनं बोट ठेवलं.

"ओरिनबेक," ती म्हणाली, "रोटीवर हात ठेवला होता तुम्ही."